सुभेदारांचा क्लच

कार्वे, ता. कराड
बुधवार, १८ सप्टेंबर २०२४

श्री. अर्जुनाभाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

आज पहाटे म्हशीची धार काढली. सासूबाईंना चहा दिला, त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. मग खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. गाडी फाटकातून निघून मारुतीच्या पारापर्यंत गेली आणि तिथे बंद पडली. पारावरच्या माणसांनी ढकलून परत आणली. किल्ली पुन्हा खुंटीला लावली. दिवसभरात दुसरं काही झालं नाही.

तेराव्याला तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर पत्र लिहायचं राहून गेलं. तोफखान्यात तुमचे कान गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि मलाही फोनवर फारसं बोलता येत नाही. फौज सोडल्यावरही हे तुम्हाला पत्रंच लिहायचे. त्यांच्याच पॅडवर लिहिते आहे.

काम गाडीचं आहे. वीरधवल पुण्याहून येऊन गेला. तो म्हणतो की बाबा गेले, आता चालवणार कोण, उभ्या उभ्या कुजण्यापेक्षा विकू. सांगलीचं गिऱ्हाईक त्यानं बघितलं आहे. सध्या पितृपंधरवडा असल्यानं तो माणूस गाडी घेणार नाही. दसरा झाल्यावर वीस तारखेच्या रविवारी येईल. मी म्हटलं, मी चालवीन. लायसन माझ्याकडे आहे, यांनीच काढायला लावलं होतं. वीरधवल हसला नाही. त्या रविवारच्या आत एकटीनं कराडला जाऊन परत आलीस तर गाडी ठेवू, असं म्हणाला. सासूबाईंना डोळे दाखवायला न्यावं लागतं आणि एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. कारण म्हणून मी त्याला हे सांगितलं.

गाडी झटके देते. दोष तिचा की माझ्या पायाचा, ते मला कळत नाही. कळण्याइतकी मी चालवलेलीच नाही. हे एकदा शिकवायला शेजारी बसले होते, तेव्हा मी अर्ध्या वाटेत उतरून चालत घरी आले होते. सीट ते ठेवायचे तशीच मागे आहे. मी पाठीमागे उशी घेऊन बसते.

पत्रातून काही सांगता आलं तर सांगावं. हरणाबाईंना नमस्कार. विचारपूस करत असावं.

आपली,
संयोगिता


माडग्याळ, ता. जत
सोमवार, २३ सप्टेंबर

वहिनीसाहेबांस अर्जुनाचा रामराम वि. वि.

पत्र पोचलं. चंद्राबाई आईस्नी दंडवत सांगा. गाडी पाराला बंद पडली म्हणल्यावर हरणाबाई म्हणाली, मारुतीनंच अडवली आसंल. मी म्हणलं, त्याला गाडीतलं काय कळतंय, तो गडी उडत जाणारा.

आता हुकूम ऐका. गाडी न्यूट्रलला चालू करा आणि खाली उतरा. पाय कशावरच नको. बॉनेटवर हात ठेवा. थरथर एकसारखी लागली तर गाडी बरी हाय आणि दोष तुमच्या पायाचा. पण दमेकऱ्यागत मधीमधी आडखळली, तर दोष गाडीचा आणि तुमी निर्दोष. मला वाटतंय पेट्रोल शिळं झालं आसणार. दोन महिनं उभी हाय न्हवं? ताजं घाला. आणि एक सांगा, कुणी हौसेनं इंजिन धुतलं का? प्लगच्या खड्ड्यात पाणी साठलं की गाडी आसंच नाटक करती.

आमच्या सुभेदाराची गाडी झटकं देती, ही बातमी वाचून मी बराच येळ मेंढरांत जाऊन बसलो. सबंध ताफ्यात त्याच्याइतकी मऊ गाडी कोण चालवत नव्हतं. हॉल्ट झाला की बाकीचं आमी बिडी पेटवायचो आणि ह्यो उतरून चारी चाकांना हात लावायचा. कुठलं चाक जास्त तापलंय, कुठला ब्रेक धरतोय, ते हाताला कळतं म्हणायचा. माझ्या लग्नाला जीप घेऊन आला आणि मांडवाच्या दारात उतरून पयलं चाकांना हात लावला. आमची म्हातारी माणसं म्हणाली, कराडकडची लोकं लयच देवभोळी, गाडीच्याबी पाया पडत्यात.

उशीचं वाचलं. त्यावर आत्ता काय लिहीत न्हाई.

हिकडं अजून टँकरचंच पाणी हाय. तब्येतीला जपा, आमाला परकं करू नका.

तुमचा,
अर्जुना


कार्वे
शनिवार, २८ सप्टेंबर

श्री. अर्जुनाभाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. चाकाच्या पाया पडण्याचं ऐकून त्या हसल्या. जुलैनंतर पहिल्यांदाच.

तुम्ही सांगितलं तसा बॉनेटवर हात ठेवला. गाडी अडखळते. तीन वेळा नीट, मग एक गचका, असं. म्हणजे मी निर्दोष आहे, निदान एवढ्यापुरती. कॅन घेऊन ताजं पेट्रोल आणवलं. फरक पडला नाही. पाराआधीच्या चढाला तर ती ओढतच नाही. समोर एक पिवळा दिवा लागतो. तो पूर्वीही अधूनमधून लागायचा. मी विचारलं की हे म्हणायचे, तिला कधीकधी राग येतो, लक्ष देऊ नकोस. म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

गाडी कुणीही धुतलेली नाही. ती पत्र्याखाली उभी असते, हे गेल्यापासून तिला पाण्याचा थेंब लागलेला नाही. मागच्या काचेवर धूळ आहे आणि धुळीत त्यांच्या बोटांची खूण आहे, डिकी लावताना उमटलेली. म्हणून मीच धुऊ दिली नाही.

वीरधवलचा रोज फोन येतो. गाडीचं विचारत नाही, पण फोन ठेवायच्या आधी थोडा थांबतो. मीही थांबते.

एक लिहायचं होतं. पाकिटावर तुम्ही सवयीनं माझ्या नावाआधी 'सौ.' लिहिलंत आणि मग खोडलंत. खोडलं नसतं तरी मला चाललं असतं.

लोभ आहेच, तो पत्रातून कळत राहू दे.

आपली,
संयोगिता


माडग्याळ
घटस्थापना, ३ ऑक्टोबर

वहिनीसाहेबांस रामराम वि. वि.

पेट्रोलचा माझा अंदाज चुकला. सुभेदार आसता तर मला वर्षभर चिडवलं आसतं. तीन बरं आणि एक गचका म्हणजे चारातला एक प्लग आग देत न्हाई. पण धुतली न्हाई तर पाणी गेलं कुठनं? उंदरानं वायर खाल्ली म्हणावं, तर उंदीर एका वायरीवर थांबत न्हाई, समदी जेवण उरकतो.

आवं वहिनी, धुण्याचं सोडा. हे इचारा की तवापासून बॉनेट कुणी कुणी उघडलं. घरात इचारा, शेजारी इचारा. पाव्हणंरावळं लय आल्तं तवा. कुणी काय केलं आसंल ते रागावून इचारू नका, न्हाईतर कबूल हुयाचं न्हाई.

पाकिटाचं वाचलं. हरणाबाईनंबी मला त्यावरनं झापलं. म्हणली, लिहिलं ते लिहिलं, खोडायला कुणी सांगितलं हुतं. हिथनं पुढं पाकिटावर नुसतं 'वहिनीसाहेब' लिहिणार. पोस्टमन काय म्हणायचं ते म्हणू दे.

घट बसलं. देवीला तुमच्या गाडीचंबी सांगितलंय. दिवस थोडं ऱ्हायल्यात, पर घाबरू नका.

तुमचा,
अर्जुना


कार्वे
सोमवार, ७ ऑक्टोबर

श्री. अर्जुनाभाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

दोष सापडला. मी जेवताना नुसतं विचारलं की गाडीचं बॉनेट कुणी उघडलं होतं का. सासूबाई लगेच म्हणाल्या, मीच उघडून घेतलं शेजारच्या नानासोकडनं, तेराव्याला. घर शुद्ध करायला गोमूत्र आणलं होतं. सगळ्या खोल्यांत शिंपडून झालं, मग त्यांच्या मनात आलं की पोरगा घरात होता त्यापेक्षा जास्त त्या बॉनेटखाली होता, तर ती जागा कशी सोडायची? घरात चार थेंब शिंपडले. तिथे त्यांनी तांब्या ओतला.

मी म्हटलं, सासूबाई, मी तर भाऊजींना कळवलं की गाडी धुतलेली नाही. त्या म्हणाल्या, मग बरोबरच कळवलंस, धुतली कुठं, शुद्ध केली.

नानासोंचं पंपदुरुस्तीचं काम असल्यानं त्यांना प्लग काढता येतो. खड्ड्यातून काढला तर हिरवट गंज चढलेला. साधं पाणी असतं तर एव्हाना वाळून गेलं असतं, असं ते म्हणाले. खड्डा पुसून नवा प्लग लावला आणि गाडी एकसारखी चालू लागली. पिवळा दिवाही गेला. सासूबाईंनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि आता शांत झाला म्हणाल्या. 'झाली' म्हणाल्या नाहीत.

पण मी अजून पाराच्या पुढे गेलेले नाही. क्लचवरून पाय जरा उचलला की गाडी उडी मारते आणि बंद पडते. पाय अगदी खाली असतानाच ती पकडते. रिव्हर्सला तर दर वेळी कर्र आवाज येतो. नानासो म्हणतात, केबल कुणीतरी पार सैल सोडली आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आवळून देतो. मी नको म्हटलं. यांनी एवढी वर्षं हीच गाडी अशीच चालवली, आणि त्यांच्या हातून ती कधी बंद पडली नाही. मग मला जमायला हवं. रोज सकाळी फाटक ते पार असा सराव करते. पारावरच्या मंडळींनी आता चहा घेऊन बसायला सुरुवात केली आहे.

रविवार जवळ येतो आहे. कळवावं.

आपली,
संयोगिता


माडग्याळ
विजयादशमी, १२ ऑक्टोबर

वहिनीसाहेबांस आणि आईस्नी सोनं पाठवतो, पाकिटात आपट्याचं पान हाय. रामराम वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसलो. आईस्नी म्हणावं, तुमच्यागत ओव्हरहॉल आमच्या वर्कशॉपात कुणी केलं न्हाई. मग पुढचं वाचलं आणि हसू थांबलं.

ती केबल मी सैल केलीया. तुमास्नी सुभेदारानं सांगितलं नसणार, तसला गडीच नव्हता. वर लडाखला गाडी घसरली तवा त्याचा डावा गुडघा दुखावला, एवढं तुमास्नी ठावं हाय. तो बरा झाला आसं त्यानं घरी सांगितलं. बरा झाला नव्हता. क्लच दाबायला काय वाटायचं न्हाई, पर पाय हळूहळू वर आणताना कळ यायची. पेन्शनीत येऊन ही गाडी घेतली आणि पयल्यांदा आला तो थेट माझ्याकडं. म्हणला, अर्जुना, आसं कायतरी कर की पाय बोटभर उचलला की गाडी निघाली पायजे. मी म्हणलं, गिअर कर्र करतील, दुसऱ्या कुणाला चालवायला यायची न्हाई. तो म्हणला, मग तर लय बेस, पाव्हणं गाडी मागायचं बंद हुतील. तवापास्नं ती गाडी त्याच्या एकट्याच्या पायाची हाय. तुमी उतरून चालत आला त्या दिवशीबी दोष तुमचा नव्हता. त्यानं मला ते लिहिलं हुतं. तुमास्नी सांगायला गुडघ्याचं सांगावं लागलं आसतं, म्हणून गप बसला.

आता मी लहान तोंडी बोलतो, राग मानू नका. वहिनी, तो गुडघा सुभेदाराबरोबर गेला. त्याची कळ तुमी कशाला चालवताय? तुमचं दोन्ही गुडघं धड हायती. केबल आवळा. नानासोला हात लावू देऊ नका, तुमीच लावा. बॉनेट उघडा, क्लचच्या केबलच्या टोकाला दोन नट दिसतील. मागचा सैल सोडा, पुढचा थोडा थोडा आवळा. पेडल वरच्या वर पेरभर सैल ऱ्हाऊ द्या, न्हाईतर प्लेट जळंल. मग मागचा परत घट्ट करा. पाना डिकीत, लाल फडक्यात गुंडाळलेला आसणार. ते फडकंबी माझंच, त्यानं कवा परत दिलं न्हाई. आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.

आणि उशी काढा.

आज आमच्या पिकअपची पूजा केली. पयलं चारी चाकांना हात लावला. हरणाबाई बघत हुती.

तुमच्या पायावर माझा भरवसा हाय. मायेत कमी पडू देऊ नका.

तुमचा,
अर्जुना


कराड
शुक्रवार, १८ ऑक्टोबर

श्री. अर्जुनाभाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

वर गावाचं नाव बघून तुम्हाला कळलंच असेल. पोस्टासमोर गाडी लावली आहे आणि स्टिअरिंगवर पॅड ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

तुमचं पत्र काल आलं. सासूबाईंना सोनं दिलं, बाकीचं वाचून दाखवलं नाही. संध्याकाळी डिकी उघडली. लाल फडकं होतं. नट जाम होता, पण सुटला. आवळताना मला एवढंच वाटत होतं की इतकी वर्षं हे सकाळी अंगणात गुडघा चोळायचे आणि विचारलं की थंडी आहे म्हणायचे. मे महिन्यातही थंडी आहे म्हणायचे.

आज सकाळी सीट पुढे घेतली. खालून काही तरी कुरकुरलं, मग सरकली. उशी सासूबाईंनी पाठीला घेतली. बरोबर येऊ का म्हणत होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हालाच न्यायचं आहे, आज एकटी जाते. पारावर चहाचे पेले तयार होते. गाडी बंद पडली नाही. मंडळींची जरा निराशा झाली असावी.

तुम्ही विचाराल म्हणून कळवते. क्लच आता मध्यावर पकडतो. रिव्हर्स आवाज न करता पडतो. चढाला दुसऱ्या गिअरवर तक्रार न करता चढली. हायवेला लागल्यावर एक ट्रक बाजूनं गेला तेव्हा स्टिअरिंग थोडं हललं, मीही हलले. पण चौथ्यात ती फार मऊ चालते. शेजारी बसून मला ते कधी जाणवलं नव्हतं, मला वाटायचं रस्ता चांगला आहे.

आत्ता वीरधवलला फोन केला. कुठून बोलतेस विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, जायचं आणि यायचं असं ठरलं होतं, तू अजून परत पोचली नाहीस. पण सांगलीच्या माणसाला मी नाही म्हणून कळवतो. आणि मग चाकातली हवा बघत जा, असं अगदी त्यांच्या आवाजात म्हणाला.

थंडी सरल्यावर सासूबाईंना घेऊन जतला यावं असं मनात आहे. हरणाबाईंना सांगावं. आमच्यावर आहे ती माया अशीच असावी.

आपली,
संयोगिता

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी खाली उतरले आणि चारी चाकांना हात लावला. सगळी सारखीच कोमट होती. आता रस्ता ओलांडून पेटीत पत्र टाकते.