सारवलेलं घर

सोमवार, दिवेलागण

डोकं फुटून राहिलं. परवा नाल्याचं पाणी कमरेइतकं घरात शिरलं. उद्या महालक्ष्म्या बसणार, म्हणून सासूबाईंनी अन् मी काल दिवसभर चिखल उपसला, भिजलेले गहू अन् गाद्या फेकल्या, भिंतीले चुना मारला, जमीन शेणानं सारवली.

आज तलाठी पंचनाम्याले आला. सारवण पाहून त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. तिथंच समजायले पाहिजे होतं मले.

"वहिनी, नुकसान कुठं आहे? फोटो कशाचा काढू?"

"भाऊ, चिखलात बसवू का महालक्ष्म्यायले?"

"मले समजते हो. पण वर फोटो लागते. उद्या सकाळी याच रस्त्यानं जाईन, काही असलं तर दाखवा."

आधी फोटो काढून ठेवायचं मले कावून नाही सुचलं? शेजारच्यांनी घराले हातच लावला नाही, त्यांचा पंचनामा झाला. आमच्या घरात नैवेद्याले दाणा नाही, निजायले अंथरूण नाही, अन् तो चपला काढून आत आला!

आत्ता सासूबाई घमेलं घेऊन नाल्याकडं निघाल्या. "चिखल परत आणा लागते," म्हणाल्या. मी अडवलं नाही. दुसरं घमेलं शोधून राहिली.