तेराव्या रात्रीपर्यंतचं गवत

मंगळवार, २६ सप्टेंबर

परवाची नोंद चुकीची आहे. रविवारी मी लिहिलं — ‘उताराच्या मधोमध, सुसुकीच्या उंच, तुरेवाल्या गवतात गवतउंदराचं घरटं. दार नाही. रिकामं, सोडून दिलेलं.’ हेच राखणीच्या झोपडीबाहेरच्या फळ्यावरही खडूने लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. दार नाही हे मी पाहिलं होतं. रिकामं हे मी ठरवलं!

आज दुकानातून लवकर सुटले आणि पुन्हा गेले. घरटं माझ्या कमरेच्या उंचीवर, संत्र्याएवढं, काड्यांना गुंफलेलं. वरून वाळकं. पण एका बाजूला एक पात हिरवी होती, ताजी, उभी चिरलेली. रविवारी ती नव्हती. मी खाली बसले. हलले नाही. पाय बधिर झाले तेव्हा ती आली. अंगठ्याएवढी! काडीला शेपटीचा वेढा देत देत चढली, तोंडात हिरवी पात. घरट्याला नाक लावलं, भिंत जराशी सारली, आत गेली, आणि भिंत मागे मिटली. आतून अगदी बारीक आवाज आला. चिमटीत कागद चुरगळावा तसा.

दार नाही, कारण पिल्लं असताना आई ते दर वेळी बंद करते. पिल्लं गेल्यावरच भोक उघडं राहतं. मी नेमकं उलटं वाचलं.

आणि माझा फळा वाचूनच काल गवतकापणीची तारीख ठरली आहे. रविवार, ८ ऑक्टोबर. पिल्लं आत्ताच जन्मली असतील तर तोवर बाहेर पडत नाहीत.



बुधवार, २७ सप्टेंबर

सकाळीच फळा पुसून दुरुस्ती लिहिली. मग आमच्या गवतराखण मंडळाच्या अध्यक्षांकडे, कुरोसे-सानकडे गेले. ते झोपडीमागे यंत्राची पाती घासत होते. एवढ्या वयात अजून उतारावर कापायचं यंत्र फक्त तेच धरतात, बाकी आम्ही सगळे मागून गवत ओढणारे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“रविवारी रिकामं, मंगळवारी भरलेलं. शनिवारी काय, भाड्याने देणार?”

सुगाया-सान दाताळं दुरुस्त करत बसले होते. जन्मभर पोस्टमन. ते म्हणाले, “अहो, दार वाजवलं आणि कोणी बोललं नाही म्हणजे घर रिकामं नसतं. मला विचारा!”

“मग उघडून दाखव ते घरटं,” अध्यक्ष मला म्हणाले.

“उघडलं तर आई पिल्लं टाकून जाते.”

“म्हणजे दाखवायचं नाही, आणि आम्ही मानायचं.”

मी म्हटलं, तीन आठवडे पुढे ढकला. त्यावर त्यांनी पाती खाली ठेवली. “हारुना-चान, हा उतार दर शरदात कापला जातो म्हणून गवत आहे. नाहीतर वरचा बांबू केव्हाच खाली उतरला असता. मग कुठलं गवत आणि कुठले तुझे उंदीर? आठ तारीख. त्यानंतर मला रविवार नाही.”

असंच तोडून बोलतात ते. गवताचं मात्र खरं आहे. तेही इथे लिहायला हवं. ते चुकीचे नाहीत. फक्त तारीख चुकीची आहे, आणि ती माझ्यामुळे.

गुरुवार, २८ सप्टेंबर

शाळेत जायला लागायच्या आधी मला सगळं बाबांनीच शिकवलं, दुकानात तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या, कडा शिवता शिवता. मी माणसांना घाबरायचे, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की गवताच्या गठ्ठ्यामागे लपायचे. बाबा म्हणायचे, पाहिलं ते एका ओळीत, वाटलं ते दुसऱ्या ओळीत. रविवारी मी दोन्ही एकाच ओळीत लिहिलं!

आज त्यांना विचारलं, काय करू? सुई दातात धरून म्हणाले, “एकट्याला जाऊन कुजबुजलीस. चारचौघांत बोल.”

चारचौघांत. मी!

शुक्रवार, २९ सप्टेंबर

आज पूर्ण चंद्राची रात्र. सगळं नीट, क्रमाने लिहिते.

दर वर्षीसारखे झोपडीच्या पडवीत जमलो. योशिए-सान (अध्यक्षांच्या पत्नी) तांदळाच्या पांढऱ्या गोळ्यांचा ढीग रचत होत्या, शेजारी उकडलेल्या अळकुड्या. सुगाया-सानचा हात वरच्या गोळ्याकडे गेला.

“तो चंद्राचा!” योशिए-सानने हातावर चापट मारली.

“चंद्राला गोड बंद केलंय डॉक्टरांनी. मी ऐकलंय.”

मग अध्यक्ष विळा घेऊन उतारावर गेले आणि मधल्या गवतातून तुऱ्यांच्या काड्या घेऊन आले. घरट्यापासून दूरच्या होत्या. मी जाऊन बघितलं. कोणीतरी म्हणालं, एवढं चढायची काय गरज, कालच कडेच्या कापून ठेवायच्या. ते उखडले. “कडेचे तुरे वाकडे! आणि कापून ठेवलेलं गवत चंद्रापुढे? पाहुण्याला काय शिळा भात वाढता?”

तुरे बुधल्यात लावले. समोरच्या डोंगरावरून चंद्र वर आला. आणि तो बघता बघता मला ते सुचलं! इतकं उघड होतं की आधी कसं सुचलं नाही, कळत नाही. मी गुडघ्यांवर बसले, हात टेकले. आवाज फाटका निघाला.

“अध्यक्ष, महिन्याभराने तेराव्या रात्रीचा चंद्रही आपण इथेच बघणार ना?”

“म्हणजे काय? एक चंद्र बघून दुसरा सोडायचा? एकतर्फी चंद्र झाला त्या वर्षी रानडुकरांनी खालचे सगळे बांध फोडले, आठवतंय ना?”

“आठ तारखेला उतार कापला, तर सत्तावीसला तुरे कुठून आणायचे?”



“कडेला मूठभर ठेवतो,” ते म्हणाले.

“कडेचे वाकडे असतात,” सुगाया-सान आकाशाकडे बघत म्हणाले.

“मग आधी कापून ठेवतो!”

“शिळा भात,” योशिए-सान म्हणाल्या. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पडवीभर हसू फुटलं. मी मात्र हसले नाही. हे नुसतं त्यांना पकडणं झालं असतं, आणि ते मला नको होतं. म्हणून पुढचंही बोलले. “मी चंद्रासाठी म्हणत नाहीये. पिल्लांसाठी म्हणतेय. घरटं रिकामं आहे ही माझी चूक होती, तुमची तारीख तिच्यावर ठरली. मला तेराव्या रात्रीपर्यंतचा वेळ द्या. नंतर मी स्वतः शेवटची काडी ओढेपर्यंत घरी जाणार नाही.”

एवढं सलग मी कधी बोलले आहे?

त्यांनी एक गोळा उचलला. चावला. बराच वेळ चावत राहिले. उताराकडे बघत होते, चंद्राकडे नव्हे. मग म्हणाले, “नुसतं चंद्राचंच कारण दिलं असतंस तर मी उद्या काहीतरी पळवाट काढली असती.” आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं — “कापणी तेराव्या रात्रीनंतर!”

जिंकले! जिंकले! जिंकले!

शनिवार, ३० सप्टेंबर

फळ्यावरची आठ तारीख पुसली. एवढी घासून पुसली की फळा चमकतोय.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आई दिसली, दोनदा. घरटं ठीक.

पण कुंपणाच्या काटेरी तारेवर खाटीक पक्ष्याने एक गवतउंदीर टोचून ठेवला आहे. आपली नव्हे. (हे पाहिलं? हो. ती त्यानंतर दिसली.) मी रडत झोपडीत आले तर सुगाया-सान म्हणाले, “त्याच्याकडे कसला चंद्र घेऊन जाणार आता?” मग त्यांनीच चहा दिला.

फळ्यावर लिहिलं — खाटीक, एक. उंदीर, एक, मेलेला. पाहिलं ते लिहायचं.

रविवार, ८ ऑक्टोबर

आज यंत्र वाजलं नाही. उतारावर फक्त वारा, आणि सगळे तुरे एकदम वाकून एकदम उठत होते.

दुपारी कुंपणाजवळच्या जांभळ्या फुलांवर फिकट निळ्या पट्ट्यांचं मोठं फुलपाखरू आलं. पंखावर पेनाने लिहिलेलं! उत्तरेतल्या कुठल्यातरी डोंगरावर कोणीतरी याला हातात धरून गावाचं नाव आणि दिवस लिहिला, आणि ते समुद्राकडे निघालं आहे. वाटेत आमच्याकडे जेवायला थांबलं. सुगाया-सानने दुरून नमस्कार केला. “माझ्यापेक्षा चांगला पोस्टमन.”

अध्यक्ष आले नाहीत. कापणीच्या दिवशी कापणी नाही म्हणून रागावले असतील, असं वाटलं. (वाटलं ही वेगळी ओळ.)

शनिवार, १४ ऑक्टोबर

घरट्याला भोक आहे!!!

पहाटेचं दव होतं. पोटावर झोपून बघत होते. आधी एक नाक. मग आख्खं पिल्लू, काडीला चारही पायांनी मिठी मारून. शेपटीने धरायचं असतं हे त्याला अजून नीट माहीत नाही. घसरलं, लटकलं, परत चढलं. मग दुसरं. मग दोघं एकदम, एकाच काडीवर, आणि काडी वाकली! मी तोंडावर हात दाबून हसत होते. पाच मोजली. सहावं असेल, पण ते मला वाटलं.

धावत झोपडीत आले. कोणीच नव्हतं. म्हणून फळ्याला सांगितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत. बाबांना फोन केला. ते म्हणाले, “मोठ्याने बोल, सगळ्या गल्लीला ऐकू दे.” मी बोलले! बांधावर उभी राहून ओरडले. खालच्या शेतातला माणूस भात कापायचा थांबून माझ्याकडे बघायला लागला. मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “उंदीर?” आणि मग विळा उंचावून, “अभिनंदन!”

गुरुवार, १९ ऑक्टोबर

अध्यक्ष अजून नाहीत. योशिए-सानना विचारलं तर म्हणाल्या, “गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलेत, हाडं शेकायला.”

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

तेरावी रात्र. तुरे मी कापले, मधले, त्याच संध्याकाळी. आता ते पूर्ण पांढरे झालेत.

योशिए-सान एकट्याच आल्या, चेस्टनट घेऊन. सगळे गेल्यावर भांडी विसळताना म्हणाल्या, “झऱ्यावर नाहीत ते. दहा तारखेला गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही.”



“उन्हाळ्यातच ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, यापुढे उतार नाही, यंत्र तर नाहीच. म्हणून आठ तारीख. शेवटचा एकदा तो उतार स्वतः कापायचा होता त्यांना. लग्नाच्या आधीपासून कापताहेत.”

“मग सांगितलं का नाही? त्या रात्री एक शब्द जरी बोलले असते —”

“तेच ना! मी पडवीतून उठताना म्हटलं, अहो, सांगा पोरीला. तर म्हणाले, सांगितलं तर ती लगेच माघार घेईल. आणि बरोबर तिचं आहे.”

खरं आहे. मी माघार घेतली असती. तिथल्या तिथे, मान खाली घालून.

त्यांनी वाटी पुसून ठेवली. “पाच पिल्लांचं ऐकून हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला इतकं पिडलं, त्याने खाट बदलून मागितली.”

सोमवार, ३० ऑक्टोबर

काल हॉस्पिटलात गेले. वाटेत पाठ केलेली माफी त्यांनी मागूच दिली नाही. काठीने खाटेवरच मला दाखवलं. पाती कशी धरायची, उतारावर वजन कोणत्या पायावर. “घाबरशील. घाबर. न घाबरणाऱ्याच्या हातात मी यंत्र देत नसतो.” दिवस कोणता, विचारलं तर म्हणाले, तो आता तू ठरवायचा.

आज सगळा उतार काडी न् काडी पाहिला. पाहिला. प्रत्येक घरट्याला भोक आहे, सगळी वाळकी, आत हिरवं काही नाही.

फळ्यावर लिहून आले. गवतकापणी — रविवार, १२ नोव्हेंबर, दव वाळल्यावर. अध्यक्षांची खुर्ची बांधावर. यंत्र मी धरणार.