टोनीच्या जागी धावणारा

७ नोव्हें., शुक्र.
जिंकलो. मी बसलो, पहिल्या डावापासून शेवटच्यापर्यंत. संध्या. ओल्ड एअरपोर्ट भागात ताईकडे जेवायला. दाजींनी अख्खी मॅच मोबाइलवर बघितली म्हणे, मी दिसलोच नाही.
"पम्या, नुसतं बसायचा पगार देतेत का रे तुला?"
देतात म्हटलं. वर उम्म सलालला फ्लॅट, चौघांत एक. ताई हसली. दाजी नाहीत.
त्यांना कसं सांगू! धाराशिवला शाळेपासून खो-खो खेळलो. तिथं आठ जण बसलेलेच असतात. तुम्ही खेळता कधी, असं त्यांना कुणी विचारत नाही. इथं आखातात बेसबॉलमध्ये बेंचवर बसलो तर लगेच बिचारा.

११ नोव्हें., मंगळ.
माझं काम एकच. टोनीच्या जागी धावणं. टोनी आमचा सगळ्यात मोठा बॅटर, पर्लला राहतो. मारतो जबरदस्त, पण धावतो भरलं सिलिंडर घेऊन जिना चढल्यासारखा. मॅच अटीतटीची असली आणि तो पहिल्या बेसवर पोचला की कोच मला पाठवतात. एकदा बाहेर आला की त्या मॅचमध्ये टोनी परत नाही. म्हणजे त्याची बॅट देऊन माझे पाय घेतात. मी तेवढ्या लायकीचा आहे.
आज पाठवलं, आणि आउट झालो. पिचरनं बॅटरला टाकायचं सोडून चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. मी दुसऱ्या बेसच्या दिशेनं निघालेलो. डोकं म्हणालं फीर, पाय फिरेनात. बेसबाहेरच चेंडू अंगाला टेकवला त्यांनी. खो-खोत पाठलाग करताना एकदा धरलेली दिशा सोडली की फाउल. ती सवय हाडांत बसलीय. एका रननं हरलो.
टोनीनं पाण्याची बाटली पुढं केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ नोव्हें.
कोचनी बोलावलं. बाद फेरीसाठी बेंचवरची एक जागा कमी होणार. एक तर मी, नाहीतर जादा बॅटर. जाईल त्याचं या शुक्र. नाही, पुढच्या शुक्र.चं परतीचं विमान.
"पामो, यू सिट व्हेरी वेल," म्हणाले. "नाऊ लर्न टु कम बॅक."
टोमणा नव्हता, खरंच कौतुक होतं. डाव कुठलाही असो, माझे बूट बांधलेले आणि नजर पिचरच्या टाचेवर. मागची टाच आधी उचलली की चेंडू बेसकडे येणार. हे मला बसून कळलंय, धावून नाही.

१५ नोव्हें., शनि.
रोज ग्राउंडच्या मागं एकच. चार पावलं पुढं, गर्रकन मागं. आज टोनी स्वतः पर्लहून गाडी काढून आला, पिचर व्हायला. गुडघे सोलले. तो खो खो हसला. घाबरू नको म्हणाला, तू धावतोस ते माझेच रन आहेत.

१८ नोव्हें., मंगळ.
शेवटचा डाव, बरोबरी. टोनी हिट मारून पहिल्या बेसवर. पाठीवर कोचची थाप पडली. "यल्ला, पामो!" म्हणजे चल, नीघ.
मी बेस सोडून जरा पुढं. टाच उचलली, चेंडू आला, मी परत. पुन्हा पुढं, पुन्हा परत, पोटावर. तोंडात माती. पिचर इतका चिडला की बॅटरकडे बघायचंच विसरला. मग टाकला तो चेंडू अगदी मधोमध, आळशी. आमच्या करीमनं कुंपणाबाहेर घातला. खलास!
सगळे करीमच्या अंगावर. टोनी एकटा माझ्याकडं आला. स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. रडू आलं, येऊ दिलं.
ताईचा फोन. मागून दाजी, "आज दिसलास की रे! पर केलास काय तू?"
"परत आलो."
"येवढंच?"
एवढंच, दाजी.

१९ नोव्हें., बुध.
नावं उद्या. कोचना विचारलं तर इन्शाल्ला म्हणाले, म्हणजे काहीच म्हणाले नाहीत. मला वाटतं मीच राहीन. जादा बॅटर पोरगा चांगलाय, मारतोही, पण त्याला बसता येत नाही. अर्ध्या मॅचनंतर मोबाइल काढतो.
ताई विचारत होती, "शुक्रवारी ग्राउंडवर येऊ का विमानतळावर?"
भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांध म्हटलं. कुठं यायचं ते उद्या सांगतो.
बूट धुऊन गॅलरीत ठेवलेत. बॅग भरलेली नाही.