बोगद्यापलीकडचं स्टेशन

शुक्रवार, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तुमच्याकडे सगळे ठीक असतीलच. तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू देऊ नकोस तिला. ती ऐकायची नाही, तरी सांग.

तुझ्या भावाने आणलेला निरोप पोचला. त्याचं उत्तर लगेच द्यायला हवं होतं, पण काल इथली रेल्वे एकदाची सुरू झाली आणि सगळा दिवस त्यातच गेला. म्हणून आधी तेच लिहिते.

सकाळ नेहमीसारखीच उजाडली. तोंड धुऊन खिडकीपाशी प्रार्थनेला बसले. माझी प्रार्थना तुला माहीत आहे, देवापुढे घरातल्यांची हजेरी घेते मी. यांना सांभाळ, सूनबाईला सांभाळ, तिच्या माहेरच्यांना सांभाळ. आपल्या लंबूचं नावही मी अजून त्यातच घेत होते. गेलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना असते, ती त्याच्यासाठी कधी म्हटली नव्हती. यांच्या कानावर ते रोज पडतं.

मग दुकान उघडून इस्त्री तापवली. काल कामाचा नुसता ढीग होता. स्टेशनमास्तरांचा नवा कोट, शाळेतल्या मुलींचे झगे आणि बँडवाल्यांचे पांढरे सदरे. त्यातला ढोलवाल्याचा सदरा एवढा अवाढव्य की टेबलावर मावेना. पाठ सरळ करावी तर पुढचं चुरगळे. तू असतीस तर दुसऱ्या बाजूने धरला असतास आणि हसून हसून आपल्या दोघींची पुरेवाट झाली असती.

शेवटचा सदरा घडी करत होते तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले. दाढी केलेली, अंगात लग्नातला कोट. म्हणाले, चल, कपडे बदल. मी बघतच राहिले. स्टेशनाचं बांधकाम झाल्यापासून त्या रस्त्याला हे फिरकले नव्हते. चाचणीचं इंजिन शिट्टी द्यायचं तेव्हा कारखान्यात रंधा आणखी जोरात चालवायचे. काही विचारलं नाही मी. विचारलं असतं तर कदाचित माघारी वळले असते.

स्टेशनावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बँड वाजला, मोठ्या साहेबांनी फीत कापली. बोगद्यामुळे किती फेरा वाचला ते त्यांनी सांगितलं, डोंगराला आपण नमवलं असंही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांचे हात कोटाच्या खिशातच होते. मग एका वृद्ध धर्मगुरूंनी प्रार्थना सांगितली, या वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोचव. सगळे त्यांच्यामागून म्हणत होते. माझे ओठ हलले नाहीत.

स्टेशनमास्तरांनी आम्हाला स्वतः डब्यात नेऊन खिडकीजवळ बसवलं. कोटाची इस्त्री छान झालीय म्हणाले, पण आमच्याकडे बघितलं नाही त्यांनी. त्यांनाही ठाऊक आहे.

तुला हे नव्याने सांगायला नको, पण मी आजवर कागदावर कधी लिहिलं नाही, एकदा लिहू दे. लंबू तो बोगदा खणायला जायचा. इतका उंच की घरातल्या प्रत्येक दाराला वाकायचा, आणि म्हणायचा, आई, हा बोगदा मी माझ्या मापाचा खणतोय, तिथे तरी ताठ चालेन. मग छत कोसळलं. आत राहिलेल्यांना काढता आलं नाही. पुन्हा कोसळेल म्हणून तेवढा भाग भिंत घालून बंद केला आणि रूळ जरा वळवून बाजूने नेले. म्हणजे गाडी आता त्याच्या अगदी जवळून जाते.

बोगदा आला तशी तरुण पोरं शिट्ट्या मारायला लागली, आवाज घुमतो का ते बघायला ओरडायला लागली. डब्यात एकच मिणमिणता दिवा. यांनी माझ्या हातातून हात सोडवला आणि उठून उभे राहिले. समोर एक बाई होती मांडीवर मूल घेऊन. ती म्हणाली, आजोबा, बसा ना, धक्का लागून पडाल.

हे म्हणाले, "आमचा मुलगा इथे आहे."

गिऱ्हाइकाला दाराचं माप सांगतात ना, तसं म्हणाले. आवाज चढवला नाही की कापला नाही. ओरडणारी पोरं एकेक करून गप्प झाली. त्या बाईने मूल शेजारणीकडे दिलं, उठली, आणि यांचं कोपर धरून उभी राहिली. ओळख ना पाळख. तेव्हा मी ती दुसरी, गेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली. पहिल्यांदाच. मला वाटलं होतं शब्द विसरले असेन, पण सगळे आठवले. ती संपली आणि मग उजेड आला.

बोगद्यापलीकडच्या स्टेशनावर आम्ही उतरलो. परतीची गाडी तिथूनच धरायची होती. पण हे फलाटावर थांबले आणि म्हणाले, "ही गाडी पुढे सूनबाईच्या गावाला जाते. चल. तिला घेऊनच येऊ."

तेव्हा यांच्याकडून मला कळलं की तुझ्या खोलीचं घासणारं दार यांनी तासून नीट केलंय, कपाटाला नवा कप्पा बसवलाय. निरोप आल्यापासून गुपचूप चाललं होतं.

मी नको म्हणाले. का, विचारलं यांनी. मी म्हणाले, "त्या घड्याळवाल्याने लग्नाचं विचारलं, त्याला ती नाही म्हणाली, ते आपल्यासाठी."

हे बाकावर बसले. गाडी सुटून दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "मग तूच लिही. माझ्याने होणार नाही."

म्हणून लिहिते आहे. तू निरोप पाठवलास की म्हातारी माणसं एकटी आहेत, आता रेल्वे झाली, मी कायमची येते. तुझ्या भावाने त्यापुढचंही सांगितलं, तू सांगू नकोस म्हटलं होतंस तरी. घड्याळवाल्याच्या दुकानात तू मोठ्याने हसलीस म्हणे, आणि ते ऐकून तुझी आई तसल्या गुडघ्याने रस्त्यापर्यंत धावत आली. लंबू गेल्यावर तुझं हसणं आम्ही ऐकलेलं नाही गं. या घरात ते तुला परत सापडेल असं मला वाटत नाही. इथे आम्ही तुला तळहातावर ठेवू, आणि तू लंबूची बायको म्हणूनच म्हातारी होशील.

मला फार चांगली समजू नकोस. निरोप आला तेव्हा मी आनंदाने रडले होते, शेजारपाजारी सांगूनही आले. काल फलाटावर नको म्हणाले तेव्हा माझे पाय डब्याकडेच वळलेले होते. यांनी आणखी एकदा म्हटलं असतं तर मी चढले असते.

त्याला हो म्हण. तो चांगला माणूस आहे, तुझा भाऊ उगाच कुणाची तारीफ करत नाही. आता सकाळी निघालं की दुपारी इथे पोचता येतं, तरी येऊ नकोस. तुला बघितलं की माझा धीर सुटेल, आणि मग मी तुला जाऊ देणार नाही. पुढे कधीतरी दोघं मिळून या, पाहुणे म्हणून. आमची काळजी करू नकोस. यांचं काम आहे, माझं दुकान आहे.

मुलगी सासरी निघाली की आईने काय बोलायचं असतं ते मला येत नाही. मला मुलगी नव्हती.

तुझी पाठवणी करणारी,
आई