केसपेपरवरची ओळ

प्रिय रुपालीताई,

राहात्याला सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी दादाला चहा पाजत होतो, म्हणून आप्पांनी घेतला. खरं तर मी मुद्दामच घेतला नाही.

दादा आता भिंतीला टेकून बसतो. हात मांडीवर असला की शांत असतो. कप उचलायला गेला की झटके येतात आणि चहा सांडतो. काल त्याने चमच्याला चावी म्हटलं. आई हसली, तोही हसला, मग आई गोठ्यात जाऊन रडली. सकाळी त्याला माझं नाव आठवतं, दुपारी विचारतो, "तू कुनाचा रं?" गावातल्या एकेका ट्रॅक्टरचा नंबर पाठ असणारा आपला कानिफदादा! नगरचे डॉक्टर म्हणाले, श्वास बंद होता तेवढा वेळ मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. थोडं सुधारेल, पहिल्यासारखं होईल असं सांगता येत नाही. त्याला जीव का नकोसा झाला, हे विचारावं तर त्याला तो दिवसच आठवत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी दोन तास वाया घालवले, असं तू म्हणतेस. सोमवारी तक्रार द्यायची आणि अर्ज मी लिहायचा, कारण माझं शुद्धलेखन चांगलं. तीनदा बसलो लिहायला.

ताई, त्यांनी विचारलं होतं. दोनदा. "औषध घेतलंय का यानं?" फवारणीच्या विषालाही आपण औषधच म्हणतो, म्हणून त्यांनी तसं विचारलं. मला कळलं होतं. पण वाटेत आप्पा म्हणाले होते, "पोलीस केस झाली तर लोक तोंडात शेण घालतील. चक्कर आली म्हनायचं." वास येऊ नये म्हणून आम्ही दादाचे कपडेसुद्धा बदलले होते. मी म्हणालो, त्याला कसलीच गोळी चालू नाही. त्यांनी केसपेपरवर तसं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं, 'रुग्णाने कोणतेही औषध घेतलेले नाही', आणि खाली सही केली. 'रुग्ण'मधला 'रु' ऱ्हस्व की दीर्घ, यावर क्षणभर थांबलोही. दोन तासांनी दादाचा श्वास अडकला, तेव्हा कुठे खरं बोललो.

त्या मॅडमवर अर्ज करू नकोस. आप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. तक्रार द्यायचीच असेल, तर हे पत्र दे. पूर्ण नाव लिहिलं आहे.

तुझाच,
वाल्मिक सूर्यभान गाडे