अर्ध्या गोष्टीला हुंकारा

बाबा, आज सकाळी पळताना मागून पुन्हा 'हं' आलं. अगदी स्पष्ट, तुझ्याच घोगऱ्या आवाजातलं. मी वळून बघितलं नाही. तू घालून दिलेला नियम मी या वयातही मोडत नाही, म्हणजे बघ किती गुणाची निघाले. आईला सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता. साठी उलटली तरी मी पळते. सून म्हणते, एवढा वेळ तुम्हाला कंटाळा कसा येत नाही, कानात गाणी तरी लावून जा. तिने हौसेने कानात घालायचं ते यंत्रही आणून दिलं. मी ते कपाटात ठेवून दिलं. कान बंद केले तर तुझा हुंकारा कुठून ऐकू यायचा? हे तिला सांगितलं तर सासूला वेड लागलं म्हणेल, आणि ती म्हणायच्या आधी मीच स्वतःला कितीदा तरी म्हणून घेतलंय.

शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मला ठाण्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला निवडलं, ती सकाळ आठवते? आई भाकऱ्या थापतेय आणि तव्याला ऐकवावं तसं मला ऐकवतेय, "पलून कुनाचं घर भरनार हाय ही?" तू नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यातून रात्रपाळी करून आलायस. भुवयांवर कापसाची पांढरी लव तशीच आहे. चुलीपुढे बसून तू चहा पितोस आणि मी रडकुंडीला येऊन सांगते, की पाय पळतात पण डोकं थांबतं. रस्ता संपत नाही, बघायला काही नाही, मग मन म्हणतं पुरे झालं, आणि पायही मेले त्याचंच ऐकतात. तू हसला नाहीस. "माजं पन तसंच हाय," म्हणालास. "सगली रात लूमपुढं उबा ऱ्हातो. मन रिकामं ऱ्हायलं का हात लूममदे जातो. मंग मी गोष्ट सांगतो." मी विचारलं, कुणाला? "मलाच. त्या आवाजात दुसरं कोन ऐकनार हाय?"

दुसऱ्या दिवसापासून वज्रेश्वरीच्या रस्त्यावर पुढे मी आणि मागे तुझी सायकल. पाळी करून आलेला माणूस, झोपायचं सोडून माझ्यामागे पायडल मारत मोठ्याने गोष्ट सांगायचा. लोक हसायचे. वाटेतल्या टपरीवरचा एक जण तर विचारायचा, "पोर पुढे पळाली काय रे?" तुझी अट एकच होती, आपल्या गावाकडची. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. "हुंकारा न्हाय दिला तं गोष्ट वाट चुकते, बाय." मग मी प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचे. हं म्हणायचं म्हणजे श्वास सोडायचा, आणि हं म्हणता येतंय म्हणजे दम अजून शिल्लक आहे. हे सगळं तुला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. मला मात्र पहिल्यांदाच रस्ता कधी संपला ते कळलं नाही.

गोष्ट एका पोरीची होती. घरातली चूल विझलीय, काड्यापेटीला पैसे नाहीत, म्हणून ती दूरच्या वाडीवर विस्तव मागायला जाते. खापरात निखारे घेऊन परत निघते. वारा सुटलाय, थांबली तर निखारा विझेल. आणि तिच्या मागे कुणाची तरी पावलं वाजतायत. ती चालते तेव्हा चालतात, पळते तेव्हा पळतात. वळून बघितलं तर विस्तव जाईल. रोज त्या पोरीच्या वाटेत काहीतरी नवीन यायचं. कधी ओढा, कधी साप, कधी खोटं गोड बोलणारी म्हातारी. मागची पावलं मात्र तीच. एकदा मला इतकी भीती वाटली की मी खरंच मागे वळून बघितलं, आणि तू असा ओरडलास की शेतातले बगळे उडाले. "मागं बगायचं न्हाय! मान वलली का पाय वाकडा पडतो." मी थांबून सायकलपुढे उभी राहिले, मागे कोण आहे ते सांग, म्हटलं. "शर्यत होऊ दे. मंग सांगतो."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, हुंकारा द्यायचाच नाही, बघू गोष्ट कशी पुढे जाते ते. तू सुरू केलीस. मी गप्प. तू थांबशील, रागावशील, असं वाटलं होतं. तू सांगतच राहिलास, हं म्हणण्याएवढी जागा सोडून, पुन्हा पुढे. मी हळूच "बाबा" म्हटलं. मग जोरात. तू ओढ्याचं पाणी किती गार होतं ते सांगत होतास. आपण रोज थांबायचो त्या वडाखाली पोचल्यावर तू सायकलवरून उतरलास, घाम पुसलास आणि म्हणालास, "आज हुंकारा झकास दिलास."

घरी आईला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून रडली. लूमच्या खडखडाटाने तुझे कान केव्हाच गेले होते. सेठला कळलं तर काढून टाकेल म्हणून तू कुणाला सांगू दिलं नव्हतंस. समोर उभं राहून बोललं की ओठ बघून भागवायचास. म्हणजे रस्त्यावर तुला माझा एकही 'हं' कधी ऐकू आला नव्हता. नुसती माझी हलणारी वेणी बघून तू सांगत होतास. मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हुंकारा द्यायला लागले, आधीपेक्षा मोठ्याने.

शर्यतीच्या आधीच कापसाच्या धुळीने तुझी छाती भरली आणि तू खाट धरलीस. मी ठाण्याला एकटी पळाले, तिसरी आले, आणि तुझ्या खाटेपाशी बसून म्हटलं, झाली शर्यत, आता सांग. तू माझ्या ओठांकडे बघत होतास, पण बोलायला श्वास कुठे होता? तुझ्यापुढेही आता लांबचा रस्ता होता आणि मन रिकामं राहून चालणार नव्हतं. म्हणून मीच तुझी गोष्ट तुला सांगायला लागले. तू हुंकारा द्यायला लागलास. मला ठाऊक होतं तिथपर्यंत आले की मी थांबायचे, तू "हं?" म्हणायचास, आणि माझ्याकडे पुढचं काही नसायचं. मग पुन्हा विझलेल्या चुलीपासून सुरुवात. एका दुपारी तुझा हुंकारा थांबला. मी तरीही सांगत राहिले, पोरीला ओढा पार करून देईपर्यंत. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा गप्प झाले.

तेरावं झाल्यावर मी पळायला गेले. आईने अडवलं नाही. कंटाळा नको म्हणून मोठ्याने गोष्ट सांगायला लागले, आणि वडाच्या अलीकडे मागून पहिल्यांदा 'हं' आलं. तेव्हापासून येतंय. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. आता ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी येतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या पोरीच्या मागे कोण होतं ते मला तुझ्या खाटेपाशी बसले होते तेव्हाच कळलं होतं. एवढं काही मोठं कोडं नव्हतं ते. विस्तव घेऊन एकट्या निघालेल्या पोरीच्या मागे कोण चालत येतं, हे त्या पोरीलाही ठाऊक असणार. तू "हं?" म्हणायचास तेव्हा मी सांगू शकत होते. सांगितलं नाही, आणि रस्त्यावरही अजून सांगत नाही. ओढ्यापर्यंत येते आणि पुन्हा चुलीपासून सुरू करते. गोष्टीचा शेवट ऐकला की माणसं उठून आपल्या घरी जातात, बाबा.