एका बाजूचं ऐकणारा हत्ती

४ जानेवारी, रविवार
आज पुन्हा! गेल्या रविवारी चहाला काय ठरलं होतं — हत्ती नदीला घाबरतो, मुंगी त्याला पलीकडे नेते. त्यासाठी आठवडाभर खपून हातात घालायचा राखाडी हत्ती शिवला. सोसायटीच्या हॉलमध्ये पोरं जमली. दीनानाथने हत्ती हातात चढवला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि सुरू — एकाच बाजूचं ऐकणाऱ्या हत्तीची गोष्ट! मी मुंगी हातात घेऊन पडद्यामागे ताटकळत. पोरं खदखदून हसली. हसणारच, ती कशालाही हसतात.

(तोंडावर ‘अहो’ म्हणते. वहीत तरी नवऱ्याला नावाने लिहू दे.)

घरी येऊन विचारलं, तर म्हणे, “हातातली बाहुली जे सांगते तेच मी बोलतो.” लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. पण तेव्हा गोष्ट दोघांची असायची. त्याने सांगायची, मी शिवायची, शिवताना मला काही सुचलं की त्याने ती तशी वळवायची. आता मला न विचारता वळते. राग आलाय, फार.

बॉलपेनच्या शाईत हल्ली दम नाही. लेकीचं, स्पृहाचं, जुनं स्केचपेन घेतलंय.

६ जानेवारी
दिवाळीतल्या वाघाचंही हेच. ठरला होता शूर, सांगितला लाजरा — म्हणे कुणाकडे सरळ बघतच नाही! तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

ज्ञानदेवभाऊजींचं असंच सुरू झालं होतं. आधी ठरलेलं विसरायला लागले, मग माणसं. शेवटी तर सख्ख्या भावाला, दीनानाथलाच, विचारलं, “आपण कोण?” एकाच आईची मुलं.

भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

८ जानेवारी
आणखी खुणा. मी न सांगता दीनानाथ सुयांत दोरे ओवून ठेवतो. रिकामटेकड्यासारखा ओवतच बसतो. पेपर मोठ्याने वाचतो, जणू मी निरक्षर! छापतात म्हणा इतकं बारीक की न वाचलेलंच बरं. तसं म्हटलं तर नुसता हसला आणि पान उलटलं.

हसू नकोस रे.

९ जानेवारी
स्पृहाला फोन केला. ती म्हणते, बाबा अगदी ठीक वाटतात. बंगळूरहून बरं कळतं! शेवटी तिनेच डॉक्टरांची वेळ घेतली, मंगळवारची. दीनानाथला सांगितलंय की तुमचं बीपी दाखवायचंय.

परवा त्याला हॉलमध्ये उभं करू का? गोष्ट मध्येच हरवली, पोरं बघत राहिली, तर? गोष्टींशिवाय त्याचं दुसरं आहे काय? आणि माझं तरी? कुणी बोलतं करत नसेल तर माझ्या बाहुल्या म्हणजे नुसत्या चिंध्या.

११ जानेवारी, रविवार
हॉलचं सगळं चैताली बघते. तिला फोन करून आजचा कार्यक्रम रद्द केला. त्याला न विचारता. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

१३ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर! लक्षात ठेवायला शब्द दिले, तर त्यांची त्याने गोष्टच करून सांगितली. बाहेर पेशंट ताटकळत आणि बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकतायत.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काकांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. पण काकू, तुम्ही मघापासून माझ्या कानाकडे बघून बोलताय. डोळे कधी तपासलेत?”

मी काही बोलायच्या आत दीनानाथने माझा हात धरला. तेवढ्यात कळलं, याला माहीत होतं.

घरी आल्या आल्या पिशवीतून हत्ती काढला. डोळे मिटून बोटांनी चाचपला. दोन्ही कान एकाच बाजूला, एकावर एक. दुसरी बाजू सपाट. वाघ काढला. त्याचे डोळे नाकाच्या एका अंगाला सरकलेले. माझ्याच हातचे टाके, घट्ट, एकसारखे. हॉलमधल्या प्रत्येक पोराला दिसत होतं ते!

“मला सांगितलं का नाहीत?” मी ओरडलेच.

तो सुईत दोरा ओवत होता. “सांगितलं असतं तर तू शिवणं सोडलं असतंस.”

खूप रडले. मग त्याच्यावर चिडले. मग पुन्हा रडले.

१६ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळ्याचा पडदा मध्यभागी खराब झालाय. गेलं ते परत येणार नाही. कडेचं दिसणं राहील म्हणाले.

१७ जानेवारी
उद्याचं अस्वल झालं. बोटांनीच शिवलं, दिव्याशिवाय.

तीन कान लावलेत. हे मात्र मुद्दाम. त्याला सांगितलेलं नाही.